सागरी जीवशास्त्राच्या आधी रेसिडेन्सी

कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजात सागरी जीवशास्त्र घेताना मला सर्वांत जड गेली ती रेसिडेन्सी, म्हणजे फीसाठी राज्याचा रहिवासी ठरणं. राज्याच्या रहिवाशाला एका युनिटचे (विषय मोजायच्या एककाचे) ४६ डॉलर, म्हणजे प्रयोगशाळेसकट ४ युनिटांच्या विषयाला १८४. 'नॉन-रेसिडेंट' शिक्का बसला की वर वेगळी ट्यूशन चढते आणि तोच विषय हजाराच्या पुढे जातो.

माझा व्हिसा एच-४, म्हणजे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याच्या जोडीदाराचा. तो सांगितल्याबरोबर कॉलेजच्या प्रवेश-खिडकीवरून उत्तर आलं, "व्हिसावर आहात ना, मग नॉन-रेसिडेंट." साफ चूक. एफ-१ (विद्यार्थी) किंवा बी (पाहुणा) व्हिसावर रेसिडेन्सी मिळत नाही, एच-१बी आणि एच-४वर मिळू शकते. अट दुहेरी आहे. सत्र सुरू होण्याच्या आदल्या दिवशी राज्यात राहून एक वर्ष पूर्ण झालेलं हवं, आणि इथेच राहायचा इरादाही तेवढाच जुना हवा. वास्तव्य दाखवता येतं. घोडं अडतं ते इराद्यापाशी, कारण तो कागदांवरून ठरतो आणि त्या कागदांवरच्या तारखा वर्षापूर्वीच्या लागतात. आठ महिन्यांपूर्वीचं ड्रायव्हिंग लायसन्स असून नसल्यासारखं. आपल्याकडे भाडेकरार नवऱ्याच्या नावावर, वीजबिलही त्याच्याच, जोडखातं सावकाश कधीतरी उघडलेलं. अर्ज आपटतो तो इथेच. म्हणून आल्या आल्या करारावर नाव घालून घ्या. गाडी येत नसेल तर राज्याचं ओळखपत्र काढा.

इराद्याचा पुरावा म्हणून राज्याचं करविवरणपत्रही चालतं, पण त्याची आणखी एक गंमत. पूर्ण वर्षासाठी फॉर्म ५४०, पण वर्षाच्या मध्येच आलेल्यांचं पहिलं विवरणपत्र ५४०एनआर ('नॉन-रेसिडेंट'चं) असतं. 'एनआर' दिसलं की खिडकीपलीकडची मान नकारार्थी हलते. त्याला जोडलेल्या शेड्यूल सीएवर राज्यात आल्याची तारीख असते, ते पान उघडून पुढे सरकवा. तोंडी नकार ऐकून घरी येऊ नका. अर्ज लेखी द्या, सत्र सुरू व्हायच्या आत द्या, निर्णयही लेखीच मागा.

आता विषयांकडे. कॅटलॉगमधला 'मरीन बायॉलॉजी' बहुधा सर्वसाधारण शिक्षणाचा, म्हणजे कुठल्याही शाखेच्या विद्यार्थ्यासाठीचा असतो. पुढे विद्यापीठात पदवी करायची तर वर्षभराचं मुख्य जीवशास्त्र, सामान्य रसायनशास्त्र, कॅल्क्युलस आणि भौतिकशास्त्र लागतं. कॉलेजातला कुठला विषय कुठल्या विद्यापीठात चालतो ते दाखवणाऱ्या 'असिस्ट' संकेतस्थळावर कॉलेज आणि विद्यापीठ निवडून आधी खात्री करा. रसायनशास्त्र पहिल्याच सत्रात उरका, मुख्य जीवशास्त्राला ते बऱ्याचदा पूर्वअट असतं.

भारतातली बीएस्सी दाखवणार असाल तर तिचं इथल्या शिक्षणाशी तुलना करणारं मूल्यांकन 'कोर्स-बाय-कोर्स' (विषयवार) घ्या. स्वस्तातल्या अहवालात फक्त पदवीची बरोबरी असते, विषयवार काही नाही, त्यामुळे पूर्वअट सुटत नाही.

हो, सत्र निवडताना ओहोटीही बघा. इथली मोठी ओहोटी हिवाळ्यात दुपारी लागते, वसंतात आणि उन्हाळ्यात पहाटे. एप्रिल-मेमधल्या क्षेत्रभेटीला अंधारात निघावं लागतं. किनाऱ्यावरचे जीव मोजायला ५० सेंटिमीटरची चौकट मांडताना शिनाण्यांच्या थरावर पाय देऊ नका, समुद्राकडे पाठ करू नका, आणि उचललेला दगड होता तसाच ठेवा. उलटा राहिला तर खालचे जीव उन्हात वाळून मरतात.