ब्रिजखालची खूण

नवी गिटार जुनी दिसेल असं काम मी करतो. वडील फर्निचरचं पॉलिश करायचे. गोरेगावच्या त्यांच्याच गाळ्यात आता मी गिटारी आणि बेस गिटारी रेलिक, म्हणजे मुद्दाम जुनाट, करतो. लोकांना वाटतं, साखळीने बडवायचं, पॉलिश पेपर फिरवायचा, झालं काम. तसं केलेली वाद्यं माझ्याकडे दुरुस्तीला येतात तेव्हा जीव जळतो. वाद्य झिजतं ते वाजवणाऱ्याच्या अंगामुळे. कोपराखालचा हात कुठे टेकतो, कमरेच्या पट्ट्याचं बक्कल कुठे घासतं, अंगठा कुठे विसावतो, हे न बघता केलेली झीज दहा फुटांवरून खोटी दिसते.

या धंद्याला प्रतिष्ठा आली ती 1995 मध्ये. फेंडर या अमेरिकन गिटार कंपनीच्या कस्टम शॉपने नवीकोरी पण जुनाट केलेली वाद्यं बाजारात आणली. सुरुवातीची बरीचशी मिसूरीमध्ये विन्स कुनेटो या कारागिराच्या हातून गेली. त्या वाद्यांची किंमत उघड होती आणि ती नवी आहेत हेही उघड होतं. माझ्या दृष्टीने सगळा धंदा या एका गोष्टीवर उभा आहे.

मागच्या पावसाळ्याआधी एक गृहस्थ मेक्सिकोत बनलेला फेंडरचा नवा प्रिसिजन बेस घेऊन आले. त्यांना 1962 चा हवा होता. बेस वाजवणाऱ्यांना हे साल सांगावं लागत नाही. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांमागे जो बेस ऐकू येतो, तो वाजवणारे जेम्स जेमरसन 1962 चाच प्रिसिजन वापरायचे, तोही बहुतेक एकाच बोटाने. तो 1983 मध्ये चोरीला गेला, आजतागायत सापडलेला नाही. त्यात 1965 मध्ये फेंडर कंपनी सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने विकत घेतली, म्हणून त्याआधीच्या प्रत्येक वाद्याला 'प्री-सीबीएस' म्हणून वेगळा भाव.

त्या गृहस्थांना मी तासभर वाजवायला बसवलं. बॉडीला खडूची पूड चोळली होती. त्यांचा हात नेहमीपेक्षा बराच मागे टेकत होता, गिटारचा पट्टा अडकवतात त्या बटणाच्या बाजूला. खडू जिथे पुसला गेला तिथेच मी रंग उडवला, बोटभरही इकडेतिकडे नाही.

मूळ थर पॉलिएस्टरचा होता. तो झिजत नाही, त्याचे टवके उडतात, म्हणून हीट गनने तापवून सगळा उतरवला. मग एन.सी. म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकर. आपल्याकडे फर्निचरवाले तेच वापरतात, पण बाजारातल्या डब्यात लवचिकपणासाठी प्लास्टिसायझर असतो, त्यामुळे थर तडकायला तयार होत नाही. मला तो कमीत कमी असलेला माल मिळवावा लागतो, आणि दुकानदार प्रत्येक वेळी समजावतात की हा टिकणार नाही. अहो, मला टिकायला नकोच आहे!

तोवर पाऊस सुरू झाला. मुंबईच्या जुलैत एन.सी. मारणं म्हणजे शिक्षा. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी थरात शिरतं आणि सनबर्स्टवर, म्हणजे मध्ये उजळ आणि कडेला गडद अशा रंगावर, दुधाळ ढग येतो. थिनर हळू उडावा म्हणून रिटार्डर घालून, हात अगदी पातळ मारून, मध्ये दिवस दिवस थांबून काम केलं. भेगांसाठी माझ्याकडे आइस्क्रीमवाल्याकडून घेतलेला डीप फ्रीझर आहे. बॉडी रात्रभर त्यात ठेवायची आणि सकाळी काढून ड्रायरने ऊब द्यायची. लाकूड आणि लॅकर सारख्याच वेगाने हलत नाहीत, म्हणून लॅकर टिक्‌ टिक्‌ आवाज करत तडकतं. काहीजण गार हवेचा स्प्रे मारतात. त्याने गोल गोल जाळी उमटते, खऱ्या जुन्या वाद्यावर बहुतेक भेगा लांबट असतात.

लोखंडी भाग बंद डब्यात, संडास धुण्याच्या ॲसिडच्या नुसत्या वाफेवर ठेवले. ॲसिडमध्ये बुडवले की सगळीकडे सारखाच गंज चढतो आणि चोरी पकडली जाते. नेकच्या, म्हणजे दांडीच्या, मागचं लॅकर पहिल्या चार-पाच फ्रेटपाशी उतरवून उघड्या मेपलमध्ये काजळ आणि पिवडी जिरवली. सगळ्यात जीव लावला तो ब्रिजच्या, म्हणजे बॉडीवर तारा अडकवतात त्या पत्र्याच्या, झाकणाखालच्या जागेवर. त्या काळी तिथे क्रोमचं झाकण असायचं आणि आत तारा दाबायला फोमची पट्टी. झाकण काढून टाकलेल्या जुन्या बेसवर तेवढाच रंग ताजा राहतो, आणि कुजलेल्या फोमचा चिकट डाग. तो डाग मी केला. बघणाऱ्याला तो कदाचित दिसणारही नाही, पण तो नसता तर मला झोप लागली नसती.

हेडस्टॉकच्या, म्हणजे खुंट्या असतात त्या टोकाच्या, मागचं 'मेड इन मेक्सिको' काढा, असं ते म्हणाले. मी नाही म्हटलं. ते मी कुणाचंच काढत नाही. नेक बसते त्या खाचेत पेन्सिलीने माझं नाव, साल आणि 'नवीन वाद्य' असं लिहायचो. तेच ब्रिजच्या पत्र्याखाली पटाशीने कोरायचो. त्याबद्दल मात्र तेव्हा गिऱ्हाइकाशी बोलत नव्हतो.

या मार्चमध्ये पुण्याचा एक मुलगा आला. "काका, जुना बेस आहे, फार जपून सेटअप करायचाय." केस उघडली आणि पट्ट्याच्या बटणाकडे सरकलेली ती झीज दिसली. मी त्याला वाजवायला सांगितलं. त्याचा हात कुठल्या कुठे पुढे टेकत होता.

मागचं 'मेड इन मेक्सिको' गेलं होतं. नेकप्लेटवर जुन्या धर्तीचा नंबर होता. यूव्ही दिवा धरला तर हेडस्टॉकच्या मागे एक चौकोनी ठिगळ वेगळं दिसलं. नेक काढली. माझं लिहिणं घासून साफ केलेलं, आणि नेकच्या बुडाला पेन्सिलीने 1962 मधली तारीख. पॉट, म्हणजे आवाजाच्या बटणांखालचे सुटे भाग, मात्र बदलायला विसरले होते. मीच बसवलेले, सीटीएस कंपनीचे. पाठीवरचे पहिले तीन आकडे 137 म्हणजे कंपनी, पुढचे वर्ष आणि आठवडा, आणि ते वर्ष 1962 नव्हतं. मग ब्रिजचे स्क्रू काढून पत्रा उचलला. मुलगा वाकून बघत होता, त्याने माझं नाव वाचलं.

साडेसहा लाख दिले होते त्याने, निम्मे कर्जाचे. बेससोबत त्याला एक गोष्टही विकली होती. हा म्हणे गोव्याच्या एका वादकाचा, साठच्या दशकात हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजलेला. बेसपेक्षा मला याचा जास्त संताप आला. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस अशी मोजकी नावं आज लोकांना माहीत आहेत. त्यांच्यासोबत बसलेल्या कितीतरी गोवेकर वादकांचं नाव पडद्यावर कधी आलंच नाही. आता त्यांचा घामही परस्पर विकायचा?

मी त्या गृहस्थांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही डाग करता, मी तारीख घातली. तुमचे पैसे मी चोख दिले होते, साहेब. त्यात तुमचा काय संबंध?"

मी सांगितलं, माझ्या दारातून बाहेर जाणाऱ्याला ते नवं आहे हे माहीत असतं, तुम्ही या पोराला ते कळू दिलं नाहीत. फोन ठेवल्यावरही त्यांचं ते डाग आणि तारखेचं वाक्य डोक्यातून जात नाही. तो डाग इतका चांगला झाला नसता तर त्या तारखेवर कुणी विश्वास ठेवला नसता, हे खरंच आहे. म्हणून काम वाईट करायचं का? ते माझ्याने होणार नाही.

माझ्याकडे प्रत्येक कामाचे फोटो असतात. ते, ब्रिजखालच्या खुणेचा फोटो आणि सहीचं पत्र मी मुलाला दिलं. त्याच्या वडिलांनी वकिलाची नोटीस पाठवल्यावर निम्मे पैसे परत आले, बाकीच्यांसाठी भांडण चालू आहे. बेस अजून त्याच्याकडेच आहे. आवाज चांगला आहे म्हणतो, आणि आहेच.

आता मी खूण खोल कोरतो, नेकच्या खाचेतही, आणि काम घेण्याआधी गिऱ्हाइकाला तसं स्पष्ट सांगतो. परवा एकजण ते ऐकून गिटार उचलून निघून गेला. दुसऱ्या कुणाकडे तरी देईल.