पाचवं चाक

रात्री साडेअकराला फोन आला. नेहमीचेच ग्राहक. टायर बाजूने फाटला होता, गाडी रस्त्याच्या कडेला, मागच्या सीटवर लहान मूल झोपलेलं. "स्टेपनी आहे ना?" मी विचारलं. "आहे, पण पार बसलीय."

हवेचा छोटा कंप्रेसर घेऊन निघालो. डिकीतल्या बॅगा उतरवून मॅट उचलली. स्टेपनी दिसायला कोरी करकरीत, नक्षीवरची रबराची केसंसुद्धा शाबूत. "एकदाही वापरली नाही हो," ते म्हणाले. ३३ पीएसआयपर्यंत हवा भरली. कान जवळ नेला तर बारीक 'सूं' ऐकू येत होतं. व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी सोडलं, बोटाने तो जरा वाकवला आणि बुडाशी बुडबुड्यांचं कडंच उमटलं. तिथलं रबर गोल तडकलं होतं. टायरच्या बाजूवर शेवटचे चार आकडे २३१४, म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. टायर रस्त्याला लागला नाही तरी रबर म्हातारं होतं, महिन्याला एखाद-दोन पीएसआय हवा कमी होतच राहते. दहा वर्षांच्या आसपास आलेल्या टायरवर, तोही असा गळका, लेकराला बसवून पाठवायला माझं मन धजेना. टोइंगची गाडी बोलावली.

ती यायला दोन तास लागले. थांबलो असताना त्यांनी शांतपणे विचारलं, "गेल्या महिन्यात सर्व्हिसिंगला हवा तुम्हीच बघितली होती ना?"

बघितली होती. चारच चाकांची. डिकी मी उघडलीच नव्हती.

आता गाडी आली की आधी डिकी उघडतो. छोटी स्टेपनी असेल तर हवा बहुधा ६० पीएसआय लागते आणि वेग ८०च्या आत ठेवावा लागतो. ते तिच्यावरच लिहिलेलं असतं, मालकाला वाचून दाखवतो. जॅक फिरतोय का, चाक चोरीला जाऊ नये म्हणून लॉक नट लावला असेल तर त्याची चावी जागेवर आहे का, तेही बघतो. गाडीच्या पोटाखाली केबलने टांगलेली स्टेपनी मात्र एकदा खाली सोडूनच बघावी लागते. केबल गंजून जाम झाली, तर चाक समोर दिसत असून हाताला येत नाही.

आमच्या जॉबकार्डावर हवेचे चारच रकाने छापलेले आहेत. पाचवा मी पेनने आखतो.