साणं

आमच्या घरातला उदबत्तीचा धूर कुठंच जात नाही, हे आधी आत्याच्या लक्षात आलं. ती बार्शीकडच्या खेड्यातून चार दिवसांसाठी आली होती. सकाळी देवापुढं उदबत्ती लावली आणि हात जोडायचे सोडून वरच बघत बसली. धूर सरळ वर गेला, छताला टेकला आणि तिथंच पसरला. "अरे, साणं कुठाय या घराला?"

साणं म्हणजे माळवदाला, मातीच्या सपाट छताला, ठेवलेलं भोक. उजेडाला, धुराला. मला शब्द माहीत होता, पण आपल्या डोक्यावर ते असेल असं कधी वाटलं नव्हतं.

जुळे सोलापुरातला फ्लॅट विकून बाळीवेशीच्या मागच्या बोळात हे जुनं घर घेतलं, तेव्हा सगळ्यांनी वेड्यात काढलं. प्रॉपर्टी कार्डावर सात वारस, त्यातली दोन पुण्यात आणि एकमेकांशी न बोलणारी. ती कथा सांगत बसलो तर लेख तिच्यातच संपेल. मी भुललो ते भिंतींना. दीड हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती, सागवानी तुळया, वर पांढऱ्या मातीचं माळवद. डिसेंबरात घर बघायला गेलो होतो, हीच पहिली चूक. सोलापुरातलं घर एप्रिलच्या दुपारी तीनला बघावं.

कारण जाड भिंत ही उधारीवर चालते. दिवसभर ऊन पोटात घेते, म्हणून दुपारी बरं वाटतं. आणि रात्री नऊनंतर व्याजासकट परत करते. बाहेर बोळात गार वारं सुटलेलं आणि आत आम्ही भाकरीसारखे शेकत पडलेलो. अशा घरात दुपारी खिडक्या मिटायच्या आणि रात्री सताड उघडायच्या. आम्ही बरोबर उलटं करत होतो. दिवसा 'हवा येऊ दे' म्हणून उघड्या, रात्री डासांसाठी बंद.

आणि खिडक्या तरी कसल्या! जुन्या झडपांच्या खिडक्या काढून मी हौसेनं ॲल्युमिनियमच्या सरकत्या बसवल्या. नंतर वाचलं, राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे आपल्यासारख्या कोरड्या उष्ण हवेत खिडक्या-झरोके मिळून जमिनीच्या किमान एक दशांश हवेत. मधली खोली १२ बाय १५, म्हणजे १८० चौरस फूट. १८ फूट हवेत, आमच्या दोन खिडक्या मिळून २४. पास! पण सरकती खिडकी एका वेळी अर्धीच उघडते. कागदावर २४, वाऱ्याला १२. ज्या झडपा पूर्ण उघडत होत्या, त्या मी भंगारात किलोवर घातल्या.

भिंतींचं दुखणं आणखी वेगळं. आधीच्या मालकांनी आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा केलेला, त्यावर मी ऑइलपेंट चढवला. आपल्याकडं नळाला रोज पाणी नाही, म्हणून घराघरात हौद. आमचा नेमका त्या भिंतीला चिकटून. ओल मातीतून वर चढायची, सिमेंटमधून बाहेर पडायला वाट नाही, मग पोपडे. दिवाळीला रंग दिला, संक्रांतीला गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, आलेल्या पाहुण्यांना ती भिंत दिसू नये म्हणून आम्ही तिथं सोलापुरी चादर टांगली होती. शेवटी खालचे चार फूट खरवडून चुन्याचा गिलावा केला. चुना भिजत घालायचा, वाट बघायची, मिस्त्री वैतागला, "सिमेंट असतं तर एका दिवसात मोकळा झालो असतो की ओ!" पण भिंत आता कोरडी आहे.

कूलरही घेतला होता. खोलीतली हवा बाहेर जायला वाट नसली की कूलर गारवा देत नाही, नुसता दमटपणा देतो, हे दुकानात कुणी सांगत नाही. तासाभरात पापड हातात लवायचे.

तर साणं. आत्यानं मिस्त्रीला माळवदावर पाठवलं. त्यानं पायानं ठोकत ठोकत एका जागी थांबून हाक दिली, "हितं पोकळ वाजूलालंय!" वरची माती उकरली, खाली शहाबादी फरशी निघाली. चारी कडा सिमेंटनं बुजवलेल्या. फरशी उचलायच्या आधी आत खोलीत त्याच्या बरोबर खालचा पीओपीच्या छताचा तुकडा कापून घेतला. फरशी उचलली तशी वरून मूठभर माती आणि एक वाळकं चिमणीचं घरटं खाली पडलं. आत्यानं दुसरी उदबत्ती पेटवून खोलीच्या मधोमध धरली. धूर क्षणभर उभा राहिला, जरासा डचमळला, आणि मग कुणी वरून दोरी ओढावी तसा सरसर साण्यातून निघून गेला. तापलेली हवा वर जाते, तिच्या जागी खालच्या खिडकीतून गार येते. शाळेत शिकलो होतो. पण पायाला वारं लागल्यावर मी खाली वाकून बघितलं, हे खरं.

सगळं गोड झालं असं नाही. साण्यातून धूळ येते. शेजारी शेंगाचटणी कुटायला घेतली की आमच्याकडं शिंका सुरू होतात. त्यांच्या सुनेचं फोनवरचं बोलणं तर इतकं स्वच्छ ऐकू येतं की बायको टीव्ही बंद करते.

वर काचेचं झाकण बसवायचं ठरलंय. चार विटांवर उचलून, बाजूनं जाळी लावून. मिस्त्री गेले दोन महिने 'उद्या येतो' म्हणतोय. तोवर आत्याच्या माहेरची पद्धत, पाऊस आला की वर पळायचं आणि साण्यावर घमेलं पालथं घालायचं. लहानपणी ते काम तिचं होतं.

परवा वळीव आला तेव्हा आम्ही जेवायला बसलो होतो. पहिला टपोरा थेंब माझ्या आमटीत पडला. मी उठेपर्यंत मुलगा जिना चढला होता, उष्ट्या हातानंच.