दीडशे सांतांमधला जखमी सांता कोणता?

डिसेंबरच्या सुरुवातीच्या एखाद्या रविवारी अमेरिकेच्या ईशान्येकडच्या काही स्की रिसॉर्टांवर सांताच्या वेशात आलेल्यांना देणगीच्या बदल्यात डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टचं तिकीट मिळतं. मेन राज्यात न्यूरी इथल्या संडे रिव्हरचा ‘सांता संडे’ सगळ्यांच्या माहितीचा. तिथली देणगी रिव्हर फंड या स्थानिक संस्थेकडे जाते. न्यू हॅम्पशायरमधल्या आमच्या छोट्या डोंगरावरही तसाच दिवस ठरला. मी तिथे स्की पॅट्रोलमध्ये, म्हणजे उतारावर जखमींना मदत करणाऱ्या पथकात आहे. दीडशेच्या आसपास सांता येणार होते.

अट अशी की टोपी, दाढी, कोट, पँट हे चारही हवंच. नुसत्या लाल टोपीवर तिकीट दिलं तर पुढच्या वर्षी सगळेच टोपीवर भागवतील, आणि ज्या लाल लोंढ्याच्या फोटोसाठी लोक खिशात हात घालतात तो लोंढाच उरणार नाही. म्हणून नोंदणीच्या टेबलाशेजारी आम्ही कात्री, सेफ्टी पिना आणि काळी चिकटपट्टी घेऊन बसलो. दुकानात मिळणारा सांताचा पोशाख पातळ पॉलिएस्टरचा असतो. त्यातून वारा सरळ आत येतो, त्यामुळे तो नेहमीच्या स्कीच्या कपड्यांवरून चढवायचा आणि दोन मापं मोठा घ्यायचा.

सगळ्यांत त्रास दाढीचा. तोंडावर घट्ट बसलेली दाढी उच्छ्वास वर ढकलते, गॉगलवर वाफ धरते आणि उणे आठ-दहा तापमानात त्या वाफेचा बर्फ होतो. तोंडाचं भोक चार बोटं मोठं कापायचं, वरची कड नाकाखाली ठेवायची. इलॅस्टिक कानामागे अडकवलं तर हेल्मेटखाली काचतं. ते हेल्मेटवरून, गॉगलच्या पट्ट्याखालून न्यायचं. टोपीही हेल्मेटच्या वरच. आत घातली की हेल्मेट सैल बसतं. वर बसावी म्हणून टोपीची मागची शिवण हातभर उसवायला नको, आठ सेंटिमीटर उसवली तरी पुरतं.

प्लॅस्टिकच्या पट्ट्याचं लोंबतं टोक चेअरलिफ्टच्या फळ्यांत अडकतं, म्हणून ते कापून चिकटवलं. पाठीवरची पोतडी लिफ्टवर बंद; एकानं खूप हुज्जत घातली, पण उतरताना पोतडी खुर्चीत अडकली तर माणूस खुर्चीबरोबर पुढे ओढला जातो. आमची लिफ्ट जुनी, सेकंदाला सव्वादोन मीटरची, तरी ऑपरेटरला बटण दाबायला वेळ किती मिळणार? पँटची मोहरी मात्र सगळ्यांत घातक. ती बुटावरून घरंगळून टाचेखाली येते, बूट आणि बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, यांच्यामध्ये कापडाची घडी सापडते. खटका वाजल्यासारखा वाटतो, पण टाच पूर्ण बसलेली नसते. मोहरी दहा सेंटिमीटर वर दुमडून चिकटपट्टी लावायची, आणि ती बुटाच्या आत कधीच खोचायची नाही, नडगी सोलून निघते.

अकरा वाजता सगळे वर. एका दमात दीडशे सोडणं शक्यच नव्हतं. मोसमाच्या सुरुवातीला कृत्रिम बर्फाची एकच पट्टी तयार असते, बाजूला गवत आणि दगड. पंचवीस-पंचवीसच्या तुकड्या केल्या, स्नोबोर्डवाले शेवटी, कारण आडवं उभं राहिल्यामुळे त्यांना पाठीकडचं दिसत नाही. त्या उतारावरच्या, कृत्रिम बर्फ फवारणाऱ्या तोफा सकाळीच बंद ठेवल्या होत्या. चालू असत्या तर तुषारांनी पोशाख आणि गॉगल दोन्ही कडक झाले असते.

तिसरी तुकडी निघाली आणि रेडिओवर लिफ्टवाल्याचा आवाज आला. टॉवर नऊच्या, म्हणजे लिफ्टच्या नवव्या खांबाच्या खाली एक सांता पडलाय, उठत नाही.

एरवी अशा वेळी विचारायचं ठरलेलं असतं, कोणत्या रंगाचं जॅकेट? इथे विचारून उपयोग शून्य. टॉवर नऊखाली सहा-सात सांता थांबलेले. दोघं फोटोसाठी मुद्दाम आडवे, एक बसून हसतोय, एक हात हलवतोय. वरच्या बाजूला उभी रोवलेली, एकमेकांत तिरकी स्कीजची जोडी म्हणजे इथे जखमी आहे ही खूण. ती कुणीच केली नव्हती. आम्ही मग कपडे बघणं सोडून दिलं आणि पाय पाहिले. ज्याच्या एकाच पायात स्की होती आणि दुसरी तीस मीटर खाली कुंपणाला अडकली होती, तोच हात हलवणारा. जवळ गेल्यावर कळलं, तो अभिवादन करत नव्हता, मदत मागत होता. सुटलेल्या बुटाच्या टाचेला लाल कापडाची चिंधी चिकटलेली. दुमडलेली मोहरी वर जाईपर्यंत सुटली होती.

आधी दाढी काढली, श्वास आणि तोंड नीट दिसायला हवं म्हणून. मग रक्त. लाल कापडावर रक्त दिसत नाही. हातमोजा घातलेला हात आत सरकवायचा, बाहेर काढून बघायचा, असं डोक्यापासून पायापर्यंत. रक्त नव्हतं, उजवं मनगट वाकडं दिसत होतं. बाही कापताना ओल्या फेल्टमध्ये कात्री गुंतते, म्हणून शिवणीवरून कापलं. मनगट हलू नये म्हणून स्प्लिंट बांधून टोबोगनवरून, म्हणजे जखमींना नेण्याच्या घसरगाडीवरून खाली. खाली त्याचं कुटुंब खूप वेळ वेगळ्याच सांताकडे बघत उभं होतं.

दुपारनंतर उरलेल्यांना आम्ही हेल्मेटच्या मागे पिवळ्या चिकटपट्टीवर नोंदणीचा क्रमांक लिहून लावला, पेनानं नाही, मार्करनं. पेनाची शाई थंडीत उतरत नाही. वरून निघण्याआधी सूचना अशी: फोटोसाठी आडवं फक्त तळाशी, आणि उतारावर कुणी आडवं दिसलं तर त्याच्या वरच्या बाजूला आपल्या स्कीज रोवायच्या. मोहरीला चिकटपट्टीऐवजी सेफ्टी पिना, प्रत्येक पायाला दोन, टोक बाहेरच्या बाजूला.