सासर जर्मनीत, कागद नाशिकचे

"सगळं मी बघतो, तू फक्त ये," असं जर्मन जोडीदार अगदी मनापासून म्हणतो आणि घोळाला तिथूनच सुरुवात होते. ज्या देशात तो जन्मला, त्या देशाच्या परदेशी नागरिकांच्या कचेरीची पायरी तो कशाला चढला असेल? बायकोचा किंवा नवऱ्याचा व्हिसा कसा होतो, हे त्याला तुमच्याइतकंच माहीत असतं, म्हणजे जवळपास शून्य. त्याच्यावर विसंबून नाशिकमध्ये स्वस्थ बसणाऱ्यांचे महिने वाया जातात. तेव्हा इथली कामं इथेच समजून घ्या.

पहिला प्रश्न, लग्न कोणत्या कायद्याखाली करायचं? गंगापूर रोडवरचा लॉन्स बुक करण्याआधी याचं उत्तर पक्कं करा. हिंदू विवाह कायदा 1955 लागू व्हायला वधू आणि वर दोघेही हिंदू (त्यात बौद्ध, जैन, शीखही आले) असावे लागतात. जोडीदार ख्रिश्चन किंवा कुठलाच धर्म न मानणारा असेल, तर भटजी, सप्तपदी, मंगलाष्टकं सगळं झालं तरी ते लग्न या कायद्याखाली उभं राहत नाही. महापालिकेकडे केलेली नोंदणी ही फक्त नोंद असते, मुळात नसलेली वैधता ती आणून देत नाही. वकिलातीत नेमकं इथेच अडतं.

अशा जोडप्यांचा रस्ता म्हणजे विशेष विवाह कायदा 1954. दोघांपैकी किमान एकजण नोटीस देण्याआधी सलग 30 दिवस त्या जिल्ह्यात राहिलेला हवा, म्हणजे नाशिककर असलेल्या तुमच्या पत्त्यावर काम भागतं. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, ती 30 दिवस फलकावर लागते, कुणाची हरकत आली नाही तर तीन साक्षीदारांसमोर लग्न लागतं. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर नोटीस रद्द होते आणि पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे जोडीदाराच्या सुट्ट्या आणि व्हिसाच्या तारखा आधी कॅलेंडरवर मांडा, नोटीस नंतर.

काहीजण म्हणतात, आधी घरच्यांच्या मनासारखं विधिवत करू, मग याच कायद्याच्या कलम 15 खाली नोंदवू. त्यात एक खोच आहे. कलम 15 मध्ये 30 दिवसांच्या वास्तव्याची अट एकावर भागत नाही, दोघांनीही त्या जिल्ह्यात राहिलेलं असावं लागतं. जर्मनीतल्या नोकरीतून सलग महिनाभर नाशिकला येऊन राहणं किती जणांना जमतं? म्हणून आधी रजिस्टर, मग लॉन्स. आत्याबाईंना क्रम उलटा वाटला तरी चालेल.

जोडीदाराकडून पासपोर्ट, भारताचा व्हिसा, जन्माचा दाखला आणि तो अविवाहित असल्याचा कागद लागतो, आधीचं लग्न मोडलं असेल तर घटस्फोटाचा हुकूमही. तो तुमच्या घरी उतरणार असेल तर 24 तासांत परदेशी पाहुण्याची माहिती देणारा फॉर्म (पूर्वीचा फॉर्म सी) भरायचा असतो. हॉटेलवाले तो आपसूक भरतात, घरचे विसरतात.

दुसरं मोठं काम तुमच्या जन्मदाखल्याचं. वीस-तीस वर्षांपूर्वीच्या पुष्कळ दाखल्यांवर बाळाचं नावच नसतं, फक्त आईवडिलांची नावं आणि तारीख. नाव टाकून घ्यायचं काम दोन आठवड्यांत होईल असं धरू नका. नोंदच नसेल तर उशिराच्या नोंदीसाठी 2023 च्या दुरुस्तीनंतर जिल्हाधिकारी किंवा प्रांताधिकारी पातळीवरचा आदेश लागतो.

मग स्पेलिंग. शाळेच्या दाखल्यावर आईचं नाव एक, जन्मदाखल्यावर माहेरचं दुसरं आणि पासपोर्टवर तिसरं, हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार. आपण हसून सोडून देतो, तिकडे ती तीन वेगळी माणसं ठरतात. सगळे कागद एका टेबलावर पसरून नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जन्मगाव अक्षर न अक्षर ताडून बघा. फरक असेल तो अर्जाच्या आधी दुरुस्त करा, चौकशी सुरू झाल्यावर नाही. लग्नानंतर आडनाव बदललंच पाहिजे असं पासपोर्टचा नियम सांगत नाही. माझं मत विचाराल तर बदलू नका. डिग्री, बँक, आधार, पॅन सगळं जुन्या नावावर असताना नवं नाव म्हणजे प्रत्येक खिडकीवर खुलासा.

अपोस्टिलबद्दल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून मारतात त्या शिक्क्याबद्दल, एजंट छातीठोकपणे बोलतात. भारत 2005 पासून हेग करारात आहे हे खरं, पण जर्मनीने भारताच्या प्रवेशाला हरकत घेतली होती. म्हणून शिक्का असला तरी जर्मन कार्यालय मूळ नोंदीची पडताळणी मागू शकतं, म्हणजे त्यांचा माणूस तुमच्या नोंदणी कार्यालयात जाऊन रजिस्टर बघतो. त्याचा खर्च अर्जदाराच्या माथी आणि वेळ महिन्यांत मोजायचा. शिक्क्यावर पैसे घालण्याआधी ज्या कचेरीला कागद द्यायचा आहे तिलाच ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

भाषेची अट बहुतेकांना लागू होते. जर्मन नागरिकाच्या जोडीदाराला व्हिसाच्या आधीच जर्मन भाषेच्या ए-वन, म्हणजे सगळ्यात पहिल्या पातळीचं प्रमाणपत्र दाखवावं लागतं, काही अपवाद सोडून. गोएथे संस्थेची ही परीक्षा द्यायला नाशिककराला पुणे किंवा मुंबईचं मॅक्स म्युलर भवन गाठावं लागतं आणि जागा पटापट भरतात, म्हणून आधी तारीख मिळवा, मग क्लास लावा. शंभरपैकी साठ गुणांना पास. लेखीत एक फॉर्म भरायचा आणि तीसेक शब्दांचा निरोप लिहायचा. तोंडी परीक्षेत स्वतःच्या नावाचं स्पेलिंग जर्मन अक्षरांच्या उच्चाराने सांगायला लावतात आणि लांबलचक मराठी आडनावाची माणसं तिथे गडबडतात. जर्मनमध्ये 'डब्ल्यू'चा उच्चार 'वे', 'व्ही'चा 'फाउ' आणि 'वाय'चा 'युप्सिलोन', तर 'ई' अक्षर 'ए' असं म्हणतात. घोटून घ्या.

नर्सिंग किंवा वैद्यकीय शिक्षण झालं असेल तर ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विषयवार गुणांचा उतारा, निघण्याआधी इथेच, नाशिकच्या आरोग्य विद्यापीठातून काढा. कला, वाणिज्य, विज्ञानवाल्यांना बहुधा पुणे विद्यापीठाकडे जावं लागेल. परदेशातून हे मागवणं डोकेदुखी असते. आणि जर्मन नागरिकाच्या जोडीदाराला नोकरीची परवानगी निवास परवान्याबरोबरच मिळते, त्यामुळे 'आधी घर सांभाळ, काम नंतर बघू' हा सल्ला कायद्याचा नाही, माणसांचा आहे.

पैशाचं थोडक्यात. अनिवासी झालात की साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींसाठीचं रुपयातलं खातं, करून घ्यायचं. पीपीएफ मुदतीपर्यंत चालू ठेवता येतो, पुढे वाढवता येत नाही. भारतातलं सिम बंद पडू देऊ नका, सगळे ओटीपी त्याच्यावर येतात.

शेतजमिनीचं मात्र सविस्तर सांगायला हवं. निफाड-दिंडोरीकडच्या घरात वडिलांच्या सातबाऱ्यावरचा विषय निघतोच: "ही आता परदेशात चालली, हक्कसोडपत्र करून देऊ दे." अनिवासी भारतीयाला इथे नवी शेतजमीन विकत घेता येत नाही हे बरोबर, पण वारसाने आलेली ठेवता येते. 2005 च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क आहे आणि लग्न करून परदेशी गेल्याने तो जात नाही. सही करायची तर समजून-उमजून करा, विमानाच्या आदल्या दिवशी घाईत नको. भावाला किंवा वडिलांना मुखत्यारपत्र द्यायचं असेल तर सरसकट देऊ नका, नेमक्या कामापुरतं द्या आणि नोंदवून घ्या. तिकडून पाठवलं तर भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लावावा लागतो.

आता बॅग. युरोपीय संघात प्रवाशाला दूध आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत, म्हणजे साजूक तूप, पेढे, खवा घरीच. ताजा कढीपत्ता, मिरच्या, द्राक्षं, आंबे यांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, 14 डिसेंबर 2019 पासून हा नियम कडक आहे. काळा मसाला, डाळी, पापड, बेदाणे, चिवडा यांना अडचण नाही. सुकं खोबरं ज्वलनशील धरतात, ते चेक-इन बॅगेत घालू नका. काळ्या मसाल्यात भाजून वाटून गेलेलं खोबरं चालतं.

वीज तिकडेही 230 व्होल्टचीच, मिक्सर चालतो, पण आपला तीन गोल पिनांचा प्लग बसत नाही. स्वस्त प्रवासी अडॅप्टरला अर्थिंग नसतं, मिक्सरला ते हवं. अॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापत नाही, घरात कोणती शेगडी आहे ते आधी विचारा. कुकरच्या दोन रिंगा आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह जास्तीचे घ्या. फोडण्या आणि वाफ मात्र बेताने. हिवाळ्यात बंद घरात भिंतीला बुरशी धरते आणि भरपाईचा वाद घरमालकाशी होतो. रोज दोनतीनदा खिडक्या सताड उघडून पाचदहा मिनिटं हवा खेळवायची, तिरकी फट ठेवून भागत नाही.

उतरल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद, म्हणजे आनमेल्डुंग, करावी लागते. त्याला घरमालकाने सही केलेला कागद लागतो, भाडेकराराने काम होत नाही. त्याच दिवशी टपालपेटीवर तुमचं नाव चिकटवा. जोडीदाराचंच नाव असेल तर पोस्टमन पत्र परत नेतो आणि करक्रमांक, विम्याचं कार्ड, बँकेचा पिन सगळं पत्रानेच येतं. जोडीदार सरकारी आरोग्य विम्यात असेल आणि तुमचं उत्पन्न मर्यादेत असेल तर तुमचा समावेश फुकट होतो. तो खाजगी विम्यात असेल तर तुमचा हप्ता वेगळा. हे लग्नाआधी विचारण्यात लाज नाही.

स्वतःच्या नावाचं बँक खातं लगेच उघडा. एक कलम माहीत असू द्या: जर्मनीत तीन वर्षं एकत्र संसार झाल्यावर लग्न मोडलं तरी स्वतःच्या हक्काने राहता येतं. घरात मारहाण वगैरे असेल तर तीन वर्षांची अट शिथिल होते. महिलांसाठीचा मदत क्रमांक 116016, चोवीस तास.

एमएच-15 चं लायसन्स तिथे वास्तव्य सुरू झाल्यापासून सहा महिने चालतं, भाषांतरासह. इथे आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परमिट काढून न्या, ते वर्षभराचं मिळतं, पण त्याने सहा महिन्यांची मुदत वाढत नाही. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. लेखी इंग्रजीत देता येते. सक्तीचे तास माफ असतात, तरी परीक्षेची गाडी आणि शिक्षक ड्रायव्हिंग स्कूलचेच लागतात, म्हणून नाव तिथे नोंदवावंच लागतं. गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते आणि उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट द्यायचा नियम असतो. नाशिकच्या सर्कलवर शिकलेल्या माणसाला त्याची सवय लागायला चारपाच तास तरी हवेतच.