टोनी आयोमीची दोन बोटं

ब्लॅक सॅबथ या हेवी मेटल बँडचा इतिहास बरेच जण गायक ऑझी ऑस्बर्नपासून सुरू करतात. मी गिटारवादक टोनी आयोमीच्या उजव्या हातापासून करतो. मी स्वतः भोसरीत पत्रा दाबायच्या प्रेस शॉपमध्ये काम करतो, म्हणून असेल.

१९६५ साल, बर्मिंगहॅम. सतरा वर्षांचा टोनी पत्र्याच्या कारखान्यात होता. नोकरीचा शेवटचा दिवस. गैरहजर कामगाराच्या जागी त्याला प्रेसवर उभं केलं आणि मधलं बोट व अनामिका, दोन्हींची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका हाच. तेव्हा कारखान्याच्या मॅनेजरने त्याला जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. आगीत हात भाजल्यावर जँगो मुख्यतः दोन बोटांवर वाजवायचा. मला त्या मॅनेजरबद्दल फार आदर वाटतो.

टोनीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर चामडं चिकटवलं. तारा हलक्या घेतल्या, पुढे त्या सैलही केल्या. सूर खाली उतरला, जड झाला.

ऑझी, बेसवाला गीझर बटलर, ड्रमवाला बिल वॉर्ड हे बँडमधले बाकीचे तिघेही बर्मिंगहॅममधल्या अ‍ॅस्टनच्याच कामगार वस्तीतले. पहिला अल्बम एका दिवसात रेकॉर्ड झाला आणि १३ फेब्रुवारी १९७० ला आला. ५ जुलै २०२५ ला चौघे अ‍ॅस्टनमध्येच, व्हिला पार्क या फुटबॉल मैदानावर, शेवटचे वाजले. त्याच महिन्यात ऑझी गेला.

नवख्यांनी १९७१ चा ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’ आधी ऐकावा. त्यातल्या ‘चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह’मध्ये गिटार तीन अर्धस्वर खाली लावलेली आहे; हेडफोनवर नको, मोठ्या स्पीकरवर ऐका.