आमची वाटचाल : तिसरा मजला, लिफ्ट नाही

मी मूळचा मिरजेचा, शाळेत मल्लखांब केलेला, हाँगकाँगला आलो ते आयटीच्या नोकरीत. तिथल्या याउ मा तेई भागातला आमचा विंग चुनचा (हा कुंग फूचा एक प्रकार) क्लास 2014 ला सुरू झाला, पार्टनर दोघंच, मी आणि माझे सिहिंग, म्हणजे थोरले गुरुबंधू. जुनी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही.

पहिला मोठा खर्च जोंगचा, म्हणजे सरावाच्या लाकडी पुतळ्याचा. सागवानी, तीन हात, एक पाय. पूर्वी जोंग जमिनीत पुरायचे, इथे फ्लॅटात जमीन कुठून आणणार, म्हणून दोन आडव्या पट्ट्यांवर टांगलेला, त्यामुळे मारलं की जरा मागे जातो, परत येतो आणि हात खाचेत खट्ट वाजतात. नवीन पोरं खांद्याने मारतात, तेव्हा नुसता धप्प आवाज, कोपर बसलं की खट्ट. मी पाठ फिरवून उभा असलो तरी जोंगवरच्या 116 हालचाली कानानेच तपासतो. मार्च-एप्रिलच्या दमट हवेत भिंतींना घाम फुटतो, लाकूड फुगतं, हात खाचेत अडकून बसतात, मग सिहिंग पॉलिश पेपर घेऊन बसतात. पहिल्या वर्षी मी मल्लखांबाच्या सवयीने एरंडेल आणलं होतं, त्यांनी बाटलीच काढून घेतली.

मधली वर्षं बरी गेली.

2019 ला आमच्याच एका विद्यार्थ्याने दोन गल्ल्या सोडून क्लास काढला, "सहा महिन्यांत ब्लॅक बेल्ट", आणि आमची 11 माणसं गेली त्याच्याकडे. अरे विंग चुनला पट्टा कुठला? विंग चुनचे मोठे गुरू इप मान 1949 ला चीनमधल्या फोशानहून इथे आले, 1950 पासून हॉटेल कामगारांच्या युनियनमध्ये शिकवायला लागले, तिथे कोण पट्टे वाटत होतं? पण खरं डोकं फिरलं ते पोस्टरने. फोटो आमच्या जोंगचा! डाव्या हाताला चीर आहे ती स्पष्ट दिसते, ती चीर त्यानेच पाडलेली.

त्यातून सावरतोय तोवर 2020 चा मार्च. सरकारने जिम-क्लास बंद केले, उघडले, परत बंद, परत उघडले, भाडं मात्र एक महिना चुकलं नाही. 2022 च्या जानेवारीत पुन्हा कुलूप लागलं तेव्हा सिहिंग म्हणाले, जोंग विकू.

दुसऱ्या मजल्यावर एक आजी राहतात, आम्ही त्यांना पोपो म्हणतो. त्या फक्त पहिला फॉर्म, म्हणजे हालचालींचा ठरलेला क्रम, करतात, सिउ निम ताउ, एका जागी उभं राहून, त्याचा पहिला भाग इतका सावकाश की पोरं कंटाळतात. जिना चढायला सोपं जातं म्हणतात. (गुडघे बरे होतात असं मी कुणाला सांगत नाही, तुम्हीही सांगू नका.) क्लास बंद असताना त्या घराचं दार उघडं ठेवून करायच्या, म्हणजे येता-जाता मला दिसावं. त्या चिनी नवीन वर्षाला त्यांनी लाल पाकीट दिलं, वर जाऊन उघडलं तर आत वर्षभराची फी. जोंग राहिला.

आणि हो, हौसेने घरी जोंग घेणाऱ्यांनो, आधी वर्षभर सिउ निम ताउ करा, मग ची साउला, म्हणजे हाताला हात लावून करायच्या जोडीच्या सरावाला, माणूस शोधा, लाकूड उलटून मारत नाही. घ्यायचाच तर हात खाचेत हलतात का बघा, घट्ट बसवलेला घेऊ नका.

तो दुसरा क्लास 2021 लाच बंद पडला. त्याचं पोस्टर आमच्या जिन्यात अजून आहे, सिहिंग काढायला निघाले होते, मी नको म्हटलं. आमचा जोंग त्यात छान आलाय.